रिफ्लेक्टर दिसतो, पिन दिसत नाही

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे त्यांनी तरी पूर्ण वाचावी. बाकीच्यांनीही वाचली तर बरं, कारण नोव्हेंबर ते मार्च त्याच रस्त्यावरून आपण सगळेच जातो.

परवा रात्री भाच्याचा फोन आला. तो टेक्सासला असतो. बायको, दोन पोरं, बरी नोकरी. आता त्याला सुट्टीत डोंगरात फिरायला एक कॅम्पर घ्यायचाय. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. त्यातला जो मोठा प्रकार असतो, तो गाडीच्या मागच्या हुकाला जोडत नाहीत. त्याची मान उंच असते आणि ती पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर बसते. त्याला तिकडे फिफ्थ व्हील म्हणतात, पाचवं चाक. मला म्हणाला, "मामा, तुमचं आयुष्य हूक आणि पिना करण्यात गेलं. कुठला हिच घेऊ ते सांगा. दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरंच."

मी पलूस तालुक्यात वेल्डिंगचं दुकान चालवतो, तेवीस वर्षं झाली. कॅम्पर फक्त मोबाईलवर बघितलाय. पण ओढणारं आणि ओढलं जाणारं यांच्यामधला जो एक वीतभर लोखंडाचा तुकडा असतो, त्याचं गणित सगळीकडे सारखंच. म्हणून म्हटलं, आधी मला वजनं सांग, हिचचं नंतर बघू.

कॅम्पर सामानासकट पाच टन. साध्या मागच्या हुकाला ट्रेलर लावला तर त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर येतो. पाचव्या चाकाच्या प्रकारात तो पंधरापासून पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो. वीस टक्के धरले तरी एक टन झाला, आणि तो सरळ पिकअपच्या हौद्यात. त्याच्या पिकअपच्या दाराच्या चौकटीला स्टिकर आहे, गाडीत माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल त्याचा. आकडा होता साडेसातशे किलोच्या आसपास. त्यात चौघं माणसं, आणि हिचचं स्वतःचं वजन वेगळं. म्हणजे गडी जो हिच घ्यायला निघाला होता तो सात टनांचा, आणि गाडी एक टनालाच मान टाकणार. दुकानदाराने हिचचा आकडा ठळक दाखवला होता, दाराच्या चौकटीकडे कुणी बोट केलं नव्हतं.

मी म्हटलं, बाबा रे, साखळीची ताकद तिच्या मोठ्या कडीवरून काढत नाहीत. एक तर गाडी मोठी घे, नाहीतर कॅम्पर लहान घे. हिच शेवटी.

मग बाकीचं सांगत बसलो. त्याच्या पिकअपचा हौदा साडेपाच फुटांचा, म्हणजे आखूड. आखूड हौद्यात साधा घट्ट बसणारा हिच लावला आणि काटकोनात वळण घेतलं की कॅम्परचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेला येऊन लागतो. त्यासाठी मागं सरकणारा हिच मिळतो. काही हाताने सरकवायचे असतात, काही वळताना आपोआप सरकतात. लांब हौदा असेल तर त्या भानगडीत पडूच नये, सरकणारी वस्तू म्हणजे झिजणारी वस्तू. काहीजण स्वस्तात पडतं म्हणून हौद्यात नुसता गोळा बसवतात आणि कॅम्परच्या मानेला खाली लांब अडॅप्टर लावतात. ते मला पटलं नाही. तरफ लांब झाली की हिसका मानेच्या जोडावर येतो, आणि ती मान त्या ताणासाठी बनवलेली नसते. काही कॅम्पर कंपन्या असं केलं तर वॉरंटी देत नाहीत म्हणे. बरोबरच आहे, मीही दिली नसती.

त्याने मग मला व्हिडिओवर दाखवलं ते मात्र बघण्यासारखं होतं. कॅम्परच्या मानेखाली एक जाड गोल पिन असते, ती हिचच्या जबड्यात जाते आणि जबडा मिटतो. मिटला की नाही ते डोळ्यांनी दिसतं. मग कॅम्परचे पुढचे पाय वर घ्यायच्या आधी कॅम्परचे ब्रेक लावतात आणि पिकअप हळूच पुढे ओढून बघतात. सुटायचं असेल तर तिथंच सुटेल, पाय जमिनीवर आहेत, नुकसान नाही. शिवाय गाडीपासून कॅम्परपर्यंत एक बारीक तार असते. चुकून कॅम्पर सुटलाच तर ती तार ओढली जाते आणि कॅम्परच्या स्वतःच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक आपोआप लागतात. सुटलेलं घर स्वतःच थांबतं. बघा, सुट्टीत मासे धरायला जाणारा माणूस एवढी व्यवस्था करतो.

फोन चालू असतानाच दुकानासमोर ट्रॅक्टर थांबला. ओळखीचा ड्रायव्हर. "दादा, पिन हाय का एखादी? पडली कुठंतरी." मी म्हटलं, मग इथपर्यंत आलास कसा? तर हसला. पिनेच्या जागी त्याने सळईचा तुकडा घातला होता. स्लॅबला वापरतात ती सळई, खालून वाकवलेली. मागे रिकामी ट्रॉली होती म्हणून निभावलं. सळईला नुसता वाक आला होता.

भाच्याला म्हटलं, नंतर बोलू.

आता आपल्या गणिताकडे या. पन्नास-पंचावन्न हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर स्वतः असतो सव्वादोन टनांच्या आसपास. मागे दोन ट्रॉल्या. ऊस, ट्रॉल्यांचं लोखंड सगळं धरून पंचवीस टन हा आकडा काही फार नाही, काट्यावर रोज दिसतो. वीस फुटाला एक फूट असा साधा चढ घ्या, ज्याला आपण चढ म्हणतसुद्धा नाही. त्यावर पंचवीस टनांचं मागे ओढणं होतं सव्वा टन. ते सगळं ट्रॅक्टरच्या मागच्या एका पिनेवर. हे झालं गुळगुळीत रस्त्यावर आणि एकसारख्या वेगात. खड्डा आला, गिअर बदलला, क्लच झटक्यात सोडला की हिसका त्याच्या दुपटीवर सहज जातो. आणि ट्रॉलीला ब्रेक? बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. उतारावर पंचवीस टनांना सव्वादोन टनांनी थांबवायचं. त्यात डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे महाभाग वेगळे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, रस्त्यावर दोन्ही पेडल पट्टीने जोडायची असतात. ती पट्टी किती ट्रॅक्टरना आहे ते एकदा यार्डात उभं राहून मोजा. एकाच चाकाला ब्रेक लागला की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला आडवं घालते.

जोडण्याचे आपल्याकडे तीन प्रकार चालतात. एक, ट्रॅक्टरच्या मागच्या हाऊसिंगला कंपनीने बसवलेला हूक किंवा ब्रॅकेट. ट्रॉलीसाठी तोच. दोन, खालून येणारा ड्रॉबार. तोही ओढायला चांगला, खाली असल्यामुळे ट्रॅक्टर जमिनीला धरून राहतो, पण तो ओढण्यासाठी आहे, वरून भार घ्यायला त्याची मर्यादा कमी. दोन चाकी ट्रॉलीचा पुढचा भार ट्रॅक्टरवर येतो, त्यामुळे दोन चाकीला हूक आणि चार चाकीला हूक किंवा ड्रॉबार असं मी सांगतो. तीन, थ्री पॉइंटच्या दोन हातांमध्ये भोकांची पट्टी टाकून तिला ट्रॉली जोडणं. ही पट्टी शेतातल्या हलक्या कामाची. रस्त्यावर भरलेली ट्रॉली तिला लावू नका, लिफ्ट खालीवर होते आणि ओढण्याची उंची बदलते.

उंचीचं कुणी मनावर घेत नाही म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. ओढण्याची जागा मागच्या चाकाच्या आसापेक्षा वर गेली, की ट्रॅक्टर पुढे न जाता स्वतःभोवती उलटायला बघतो. पुढची चाकं उचलली जातात. ते व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलेत, खाली पोरांचे "भावाचा नाद करायचा नाय" असे शेरे असतात. पुढची चाकं हवेत म्हणजे स्टेअरिंग हवेत. मी हे एका ड्रायव्हरला सांगितलं तर म्हणाला, "वळवायला ब्रेक हाईत की." हे कौशल्य आहे हे मी मान्य करतो. पण त्याच रस्त्यावर समोरून शाळेची गाडी येत असते.

आता पिनेचं. नवी पिन आणि ट्रॉलीच्या दांडीची नवी कडी यांच्यात थोडीच फट असते. दोन हंगामांत पिनेला कंबर पडते आणि कडी लांबट होते. मग ट्रॅक्टर थांबला, निघाला की "ठण्ण" असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे पंचवीस टनांचा हातोडा आहे. ड्रायव्हरला सवय झालेली असते आणि वर टेपचा आवाज. पिनेच्या खाली लॉक पिन घालायला भोक असतं, ते ऐंशी टक्के वेळा रिकामं किंवा त्यात बाइंडिंगची तार. (ऐंशी हा माझ्या दुकानातला अंदाज आहे, सरकारी आकडा समजून कुठे छापू नका.) लॉक नसेल तर खड्ड्यात पिन वर उडते, दहा वेळा परत बसते, अकराव्या वेळी बसत नाही.

पिन कशाची असावी? लेथवर कातलेली, मध्यम कार्बनच्या पोलादाची. इएन-आठ मागा, बाजारात कुणीही देतो. जुन्या आसाचा तुकडा कापून पिन करतात, चालते, पण तिला वरून मूठ वेल्ड करू नका. तसलं कडक पोलाद न तापवता वेल्ड केलं की जोडाशेजारी केसासारखी चीर पडते. ती दिसत नाही, आणि एक दिवस पिन साखरेच्या काडीसारखी तुटते. आट्यांचा बोल्ट तर अजिबात नको, आट्या म्हणजे तयार खाचा.

पण खरं सांगायचं तर ट्रॅक्टरची पिन निदान कुणीतरी बघतं. ड्रायव्हर रोज हात लावतो तिला. सुटते ती बहुतेक मागची ट्रॉली. पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या बाजूला जो हूक असतो तो कुणाच्याच नजरेत नाही. ट्रॉली बनवताना पुढची दांडी भक्कम करतात, मागचा हूक मात्र नंतर सुचल्यासारखा मागच्या आडव्या चॅनेलवर वेल्ड केलेला. चॅनेल पातळ, आत पाटी नाही, वर लाल ऑक्साइडचा हात. रंगाखाली चीर दिसत नाही. आणि दुसरी ट्रॉली सुटली तर ड्रायव्हरला कळतही नाही, उलट ट्रॅक्टर हलका पळायला लागतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या गावाबाहेरच्या ओढ्याच्या चढावर हेच झालं. रात्री साडेआठची वेळ. मागची ट्रॉली सुटली, उलटी खाली आली. मागे मोटारसायकलवर आमच्याच गल्लीतला एकजण, डेअरीला दूध घालून परत येत होता. तो वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. विम्याचं अजून चालू आहे, ट्रॅक्टर शेतीकामासाठी म्हणून विमा उतरवलेला आणि वाहतूक भाड्याची, त्यावर कंपनीचा वाद. कारखाना म्हणतो वाहन ठेकेदाराचं, ठेकेदार म्हणतो ट्रॉली दुसऱ्याची, ट्रॉलीवाला म्हणतो बनवणाऱ्याने कच्चं काम केलं. बनवणारा कोण ते कुणालाच आठवत नाही.

तो हूक माझ्या दुकानातला नव्हता. हे मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन स्वतः बघितलं, आणि बघताना माझे पाय का लटपटत होते ते मला माहीत आहे. कारण त्याच्या आदल्याच महिन्यात रात्री दहा वाजता मी तसलाच एक हूक लावून दिला होता. ड्रायव्हर म्हणाला, "नंबर जाईल, दादा. नुसता चिकटवा, उद्या रिकामा होऊन येतो, मग पक्कं करा." मी चिकटवला. दोनशे रुपये घेतले. तो उद्या आलाच नाही, ती ट्रॉली हंगामभर फिरली असणार. दुकानदार मंडळी हे वाचत असतील तर त्यांना कळेल मी काय म्हणतोय. आपल्याला "नाही" म्हणता येत नाही, कारण शेजारचा दुकानदार "हो" म्हणणार असतो.

ड्रायव्हरला शिव्या देणं सोपं आहे. पण वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. ट्रॅक्टरवर बँकेचा हप्ता, मुकादमाला दिलेली उचल अडकलेली, टोळी अर्ध्यात पळून गेली तर ठेकेदार बुडालाच. मग एका खेपेत जेवढं बसेल तेवढं भरायचं. केंद्राच्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार असा दंड लिहिलाय. कायदा कागदावर कडक आहे. पण गंमत बघा, प्रत्येक ट्रॉलीचं वजन कारखान्याच्या काट्यावर रोज छापील पावतीवर नोंदवलं जातं. जादा वजनाचा एवढा पक्का पुरावा दुसऱ्या कुठल्या वाहतुकीत मिळेल का?

दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम होतो. साहेब येतात, संचालक येतात, ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी चिकटवतानाचा फोटो पेपरात येतो. चांगलंच काम आहे, माझा विरोध नाही, अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळून माणसं मेलीत. पण त्याच ट्रॉलीखाली वाकून हूक बघताना कुणाचा फोटो मी तरी बघितला नाही. रिफ्लेक्टर मागच्याला सावध करतो. सुटून उलटी येणारी ट्रॉली लाल चमकते एवढंच.

माझं म्हणणं कारखान्यांना आहे. आरटीओ प्रत्येक ट्रॉलीमागे पळू शकत नाही, तेवढी माणसं त्यांच्याकडे नाहीत. कारखान्याला मात्र काही पळावं लागत नाही, ट्रॉली स्वतः चालत त्याच्या दारात येते. टोकन घेते, तासन् तास यार्डात उभी राहते, काट्यावर चढते, गव्हाणीकडे जाते, रिकामी होऊन परत काट्यावर येते. या सगळ्यात एक माणूस टॉर्च आणि पक्कड घेऊन उभा करायला किती खर्च आहे? रिकाम्या वजनाच्या वेळी अर्धा मिनिट पुरे. लॉक पिन आहे का, कडी किती झिजली, मागच्या हुकाच्या वेल्डला चीर आहे का. नसेल तर पुढचं टोकन नाही. ड्रायव्हर बोंब मारतील, दोन दिवस मारतील. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पिनांना लॉक दिसेल, कारण नंबर जाण्याची भीती आरटीओच्या भीतीपेक्षा मोठी आहे.

आणि करारात एक ओळ घाला, दुसऱ्या ट्रॉलीला साखळी हवी. त्या टेक्सासच्या तारेसारखं काही आपल्या ट्रॉलीला नाही आणि उद्या येणारही नाही, ज्या ट्रॉलीला ब्रेकच नाही तिचे ब्रेक आपोआप कसे लागणार? पण साखळी लावता येते. दोन साखळ्या, दांडीखालून एकमेकींना छेद देऊन, म्हणजे दांडी सुटली तरी त्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही. वळताना ताणली जाणार नाही एवढी लांब, घासणार नाही एवढी आखूड. साखळी हुकालाच अडकवू नका, हूक तुटला तर साखळीही त्याच्याबरोबर जाईल. चॅनेलला, चासीला वेगळी कडी करून तिथं अडकवा. हे करायला जो खर्च येतो तो एका टायरच्या पासंगालाही पुरत नाही.

जाता जाता एक. भाच्याने विचारलं होतं, त्याला पाचवं चाक का म्हणतात, चाक तर कुठं दिसत नाही. जुन्या चार चाकी घोडागाड्यांना पुढचा आस वळावा म्हणून आडवं लोखंडी चक्र बसवत, गाडीचं पाचवं चाक ते. नाव तिथून आलं. आता आपल्या चार चाकी ट्रॉलीच्या पुढच्या आसावर बघा, जे चक्र फिरतं ते तेच आहे. तिकडे गेलेली वस्तू नाही, आपल्या दारातलीच आहे. तिला शेवटचं ग्रीस कधी लावलं ते आठवून बघा.

भाच्याने शेवटी लहान कॅम्पर घ्यायचं ठरवलंय. मोठी पिकअप बायकोने नाकारली.

दसऱ्यापर्यंत दर रविवारी सकाळी नऊ ते एक मी पिना आणि कड्यांची झीज कॅलिपरने मोजून देणार आहे, पैसे नाहीत. पिन बदलायची झाली तर तिचे पैसे पडतील, आणि रात्री दहाला नुसतं चिकटवून देणं बंद. मागच्या हुकासाठी ट्रॉली आणावीच लागेल, पण एका वेळी एकच आणा, दोन जोडून आणू नका. दुकानासमोर वळायला जागा नाही, मागच्या वेळी चहावाल्याचं छप्पर गेलं.